नांदूर मध्यमेश्वरच्या पाखरांसाठी काम करायचंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबरात पक्षी सप्ताह सुरू झाला की आमचे फोन वाजायला लागतात. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ तारखेला, पक्षीतज्ज्ञ सलीम अलींचा १२ ला. हा मधला आठवडा २०२० पासून राज्य सरकारही साजरा करतं. शाळांत कार्यक्रम होतात, पेपरात फोटो येतात आणि मग लोक विचारतात, "आम्हालाही यायचंय, काय करावं लागतं?" नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात, नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याच्या बंधाऱ्याच्या आसपासच्या गावांत राहणारी आम्ही मोजकी मंडळी. त्यात शिक्षक आहेत, द्राक्ष बागायतदार आहेत, एक औषध दुकानदार आहेत आणि एसटीतून निवृत्त झालेले एक वाहकही. फोनवर दरवेळी तीच उत्तरं देऊन घसा बसतो, म्हणून ती एकदाची लिहून ठेवली.

मला पक्ष्यांतलं काहीच कळत नाही. चालेल का?

चालेल. चिमणी, कावळा, साळुंकी, बगळा, घार, टिटवी, खंड्या ओळखता ना? सात झाले की.

पुढचं काम मराठी नावंच करतात. सबंध काळा, कपाळावर पांढरा टिळा आणि पाण्यावर दाटीवाटीने दिंडी चाललेली दिसली, तर तो वारकरी. चोचीच्या टोकाला पिवळं आणि बुडाशी लाल असलं, तर हळदी-कुंकू बदक. चोच थापटून रुंद केल्यासारखी दिसली, तर थापट्या. काटक्यांसारख्या लांब लाल पायांवर उभा तो शेकाट्या. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांनी खूण नावातच बांधून दिली आहे. पहिल्या दोन फेऱ्यांत पंधरा-वीस पक्षी सहज पाठ होतात. बदकांच्या माद्या मात्र सगळ्यांनाच छळतात. सगळ्या तपकिरी, सगळ्या ठिपकेदार. तिथे आमच्यातले जुने लोकही मान खाजवतात.

नांदूर मध्यमेश्वरच का? पाणी तर गंगापूर धरणातही आहे.

गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात बंधारा बांधला. खोल धरण नव्हे, पाणी अडवून कालव्यात वळवायची सोय. त्यात वर्षानुवर्षं गाळ साठत गेला. पाटबंधारेवाल्यांची डोकेदुखी ती पाखरांची चंगळ झाली. उथळ पाणी, चिखलाची बेटं, पाणकणसं, कडेला ऊस आणि गहू. चिखलात चोच खुपसणाऱ्याला चिखल, बुडी मारणाऱ्याला पाणी आणि दाणे टिपणाऱ्याला शेत, सगळं एकाच ठिकाणी. राजस्थानातल्या भरतपूरच्या पक्षी उद्यानावरून सलीम अलींनी याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं होतं. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं आणि २०२० च्या जानेवारीत राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून नाव लागलं. लोणार त्यानंतर, ठाण्याची खाडी आणखी नंतर. अडीचशेहून जास्त जातींच्या पक्ष्यांची इथे नोंद आहे.

स्वयंसेवक म्हणून नक्की काय करावं लागतं?

खरं सांगायचं तर बराच वेळ नुसतं उभं राहायचं आणि लिहायचं. ठरलेल्या जागी, ठरलेल्या दिवशी, दर महिन्याला. थंडीत पक्ष्यांची मोजणी, संक्रांतीत मांजा, त्याच वेळेपासून मार्चपर्यंत द्राक्षबागांच्या जाळ्या, उन्हाळ्यात पाणवठे आणि घरट्यांवर लक्ष, पावसाळ्यात शाळा. पाखरू हातात धरून उडवतानाचा क्षण वर्षातून दोन-चारदा येतो, आणि फोटो नेमके त्याचेच निघतात. बाकीचे दिवस वहीतले असतात. नवे लोक टिकतात किंवा गळतात ते इथेच, म्हणून आधीच सांगितलेलं बरं.

पक्षी गणना कशी करतात? हजारो पक्षी एकेक करून कोण मोजतं?

कुणीच नाही. लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टरकडे नुसतं बघून त्यात किती क्विंटल कांदा आहे ते सांगणारी माणसं असतात ना, तशीच ही नजर बसते. आधी थव्यातले दहा पक्षी नीट मोजायचे आणि ते किती जागा व्यापतात ते डोळ्यात धरायचं. मग ते माप दहा वेळा पुढे सरकवायचं की शंभर झाले. शंभराचं माप हाताशी आलं की मोठा थवा अवाक्यात येतो. घरी सरावाला पाटावर ज्वारी टाकून बघा. आधी अंदाज लिहायचा, मग दाणे मोजायचे. पहिल्या दिवशी आपण किती फसतो ते कळतं. बहुतेक जण कमीच मोजतात.

मुख्य मोजणी जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात होते. आशियाई पाणपक्षी गणना म्हणतात तिला. भारतात ती १९८७ पासून चालू आहे. एकाच काळात अनेक देशांत पाणथळी मोजल्या जातात, म्हणजे इथून उडालेला थवा दुसरीकडे पुन्हा मोजला जायची भीती कमी. आमच्याकडे दोन्ही काठांवर एकेक टोळी असते. एक जण बघतो, एक लिहितो. बघणाऱ्याने दुर्बिणीवरून डोळा काढायचा नाही आणि लिहिणाऱ्याने मध्येच "अरे, तो बघ" करायचं नाही.

दोन गोष्टी मोजणीचा विचका करतात. एक म्हणजे दलदल भोवत्या. हा शिकारी पक्षी पाण्यावरून संथपणे तरंगत आला की अख्खा जलाशय उडतो आणि वीस मिनिटांची मेहनत हवेत जाते. दुसरी गोष्ट धुकं. निफाडची थंडी तुम्ही बातम्यांत ऐकतच असाल. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा राज्याच्या बातम्यांत झळकतो. अशा सकाळी पहाटे पोहोचून उपयोग नसतो, पाण्यावर पांढरी गोधडी पसरलेली असते. थर्मासमधला चहा संपेपर्यंत थांबायचं.

एका वर्षी भरपूर पक्षी, दुसऱ्या वर्षी कमी. म्हणजे पक्षी घटले का?

लगेच तसं म्हणू नका. बंधाऱ्यातलं पाणी कालव्यांच्या आवर्तनावर, म्हणजे शेतीसाठी पाळीने सोडलेल्या पाण्यावर चालतं. डावा कालवा, उजवा कालवा, मराठवाड्यातल्या वैजापूर-गंगापूरकडे जाणारा जलद कालवा. आवर्तन सुटलं की पाणी उतरतं, चिखल उघडा पडतो आणि तुतारी, शेकाट्यासारखे चिखलातले पक्षी गर्दी करतात. पाणी भरलेलं असलं की बदकं खूश आणि हे गायब. त्यामुळे वहीत तारखेशेजारी पाण्याची पातळी, आवर्तन चालू की बंद आणि पाणवेली किती पसरल्या आहेत हेही लिहायला लावतो. हा रकाना रिकामा ठेवणाऱ्याला पुढच्या खेपेला चहा पाजावा लागतो. पंधरा-वीस वर्षांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्यावर जे दिसतं ते एका हिवाळ्यात दिसत नाही.

रोहित म्हणजे फ्लेमिंगो दिसतील का?

आले तर दिसतील. फक्त त्यांच्यासाठीच यायचं असेल तर उजनीवर भिगवणला जा.

बिबट्याची भीती नाही का?

आहे. गोदाकाठच्या उसात बिबटे राहतात, पिल्लंही तिथेच वाढवतात. म्हणून आमचा एक नियम कुणासाठीही मोडत नाही. अंधारात एकट्याने उसाच्या कडेने चालायचं नाही. उजाडल्यावरच निघायचं, किमान तिघांनी, गप्पा मारत, हातात बॅटरी आणि काठी. लघवीला किंवा चप्पल नीट करायलाही उसाशेजारी खाली बसायचं नाही. बसलेला माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही. लहान मुलं मधोमध. पाण्याजवळ पोहोचेपर्यंत गोंगाट चालतो, तिथून पुढे शांतता.

दुर्बीण घ्यावी लागेल का? कोणती?

पहिले सहा महिने नको. गटाच्या तीन आहेत, फिरत्या. तोवर हौस टिकली तर ८×४२ (आठ पट मोठं दाखवणारी) घ्या. १० पट किंवा १२ पटीच्या मोहात पडू नका, हात थरथरला की चित्र नाचतं. कपडे खाकी, मेंदी किंवा मातकट रंगाचे. पांढरा सदरा लांबूनच दिसतो, पक्ष्यांना आणि आम्हालाही.

माझ्याकडे मोठा कॅमेरा आहे. फोटोग्राफर म्हणून येऊ का?

या, पण वही घेऊन. रागावू नका, अनुभवाने बोलतो आहोत. एकदा चांगल्या फोटोपायी एक पाहुणे पाणकणसात शिरले आणि जांभळ्या पाणकोंबड्यांचं अख्खं कुटुंब उठवून आले. फोटो सुरेख होता. त्या दिवसाची मोजणी फुकट गेली आणि त्या जागी पाणकोंबड्या पुढे कित्येक दिवस दिसल्या नाहीत.

घरट्याचा फोटो काढायचा नाही. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. आपल्या हद्दीत दुसरा नर आला असं समजून तो बिचारा खाणंपिणं सोडून भांडायला येतो. ड्रोन आणायचा नाही. घुबड कुठल्या झाडावर बसतं ते व्हॉट्सअ‍ॅपवर सांगायचं नाही. घुबडांच्या मागे अंधश्रद्धेचा बाजार लागलेला आहे, आणि त्याला पत्ता आपणच पुरवायला नको. आणि हो, पायात किंवा मानेत रंगीत कडं असलेला पक्षी दिसला तर मात्र फोटो हवाच. कड्याचा रंग, अक्षरं आणि ते उजव्या पायात की डाव्या, हे टिपून घ्या. कडी घालण्याचं काम परवानगी असलेल्या संस्थाच करतात, मुंबईची बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) त्यातली जुनी. त्यांना कळवलं की तो पक्षी कुठून आला तेही कळू शकतं.

संक्रांतीत काय काम असतं?

सगळ्यात जास्त, आणि सगळ्यात वाईट. येवला शेजारीच आहे. भोगी, संक्रांत आणि कर, तीन दिवस तिथे गच्च्या भरलेल्या असतात आणि आसारी (मांजाची फिरकी) फिरवायला घरातली सुनाही सोडत नाहीत. तो आनंद आम्हाला मोडायचा नाही, आमच्यातले निम्मे स्वतः पतंगवाले. भांडण नायलॉन मांजाशी आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, तरी तो गुपचूप मिळतोच. काच लावलेला सुती दोराही कापतो, पण तो उन्हापावसात कुजून जातो. नायलॉन बाभळीवर वर्षभर लटकतो, आणि संक्रांत उरकल्यावर फेब्रुवारीत, मार्चमध्ये त्यात पाखरं अडकतात.

दिवसातली सगळ्यात धोक्याची वेळ संध्याकाळची. बगळे, ढोकऱ्या आणि घारी मुक्कामाच्या झाडांकडे परततात आणि नेमके तेव्हाच पतंग जास्त असतात. म्हणून शाळांत आम्ही एकच गोष्ट मागतो. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर पतंग खाली. पोरं ऐकतात. मोठ्यांचं सांगता येत नाही.

करीच्या दुसऱ्या दिवशी लांब बांबूला आकडी बांधून झाडांवरचा मांजा उतरवायचा, गुंडाळायचा, वजन करायचं. विजेच्या तारांवरच्या मांजाला कुणीही हात लावायचा नाही. तिथे पक्षी लटकलेला असला तरी नाही, आधी महावितरणला फोन.

जखमी पक्षी सापडला तर काय करू?

आधी वन विभागाला कळवा. हेल्पलाइन १९२६. वन्यपक्ष्यावर घरी उपचार करणं कायद्यात बसत नाही आणि बहुधा त्याला मानवतही नाही.

तोवर एवढं करा. अंगावर सुती पंचा टाका, डोळे झाकले की तो शांत होतो. खोक्याला भोकं पाडून त्यात ठेवा आणि खोकं अंधारात, शांत जागी. पाणी चोचीत ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. दूध, पाव, भात काही नको. मांजा अडकला असेल तर ओढू नका. दोन्हीकडून कापा आणि मांसात रुतलेला तुकडा डॉक्टरांसाठी राहू द्या. बगळा किंवा ढोकरी असेल तर आधी चोच सांभाळा, ते सरळ डोळ्यावर मारतात. शिक्रा, घार असेल तर पायाची नखं सांभाळा. पक्ष्याचा फोटो काढत दहा जण भोवती उभे राहिले तर तो जखमेने मरायच्या आधी घाबरून मरतो.

एकाच ठिकाणी बरेच पक्षी मेलेले दिसले तर हातच लावू नका. लांबून वन विभाग आणि पशुसंवर्धन विभागाला कळवा.

पिल्लू खाली पडलंय. घरी आणू?

बहुतेक वेळा नाही. पिसं फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू पडलेलं नसतं, उडायला शिकत असतं आणि आईबाप आसपास असतात. मांजर-कुत्र्यापासून वाचेल एवढ्या उंच फांदीवर ठेवा आणि लांब व्हा. उघडं, गुलाबी पिल्लू असेल आणि घरटं दिसत असेल तर परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते हे खरं नाही.

मी द्राक्ष बागायतदार आहे. पाखरं माझं नुकसान करतात, आणि तुम्ही त्यांनाच वाचवता?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात आवडतो, कारण विचारणारा निदान बोलतो तरी. आमच्यातल्या तिघांच्या स्वतःच्या बागा आहेत. भोरड्यांचा थवा उतरला की काय होतं ते आम्हाला माहीत आहे. घडातले दोन मणी फोडले तरी रस सांडून घड सडायला लागतो, आणि निर्यातीचा माल एवढ्यावरून परत येतो. जाळी लावू नका असं आम्ही म्हणत नाही.

कशी लावता तेवढं बघू या. बारीक, सैल, डोळ्याला न दिसणारी जाळी सगळ्यात घातक. तिच्यात बुलबुल, साळुंक्या तर अडकतातच, पण पिंगळा आणि शिक्राही अडकतो, आणि तो तर तुमचे उंदीर आणि भोरड्या खायला आलेला असतो. जाळी जाड धाग्याची, दिसेल अशा रंगाची आणि ताणून बांधलेली असली तर पाखरू आपटून परत जातं. खालच्या कडा जमिनीवर लोळत ठेवल्या की धामणी गुरफटतात, आणि धामण नसलेल्या शेतात उंदरांचं काय होतं ते सांगायला नको. सकाळ-संध्याकाळ एक फेरी मारा. काढणी झाली की जाळी त्याच आठवड्यात गुंडाळा.

आम्हाला बोलावलंत तर दोघं जण बोथट टोकाची कात्री घेऊन येतात. पाखरू सोडवताना जाळी कापावी लागली तर ती शिवून देऊनच निघतात. हे आम्ही ठेच लागून शिकलो. सुरुवातीला आमच्यातल्या एकाने कुणाची तरी जाळी उत्साहात फाडली आणि त्या गावात दोन वर्षं आम्हाला कुणी बांधावर उभं केलं नाही.

घरी पिंजऱ्यात पोपट आहे. तरी येऊ का?

तुम्ही या. पोपटाचं वन विभागाशी बोलावं लागेल, आपल्याकडचे पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. एकदम उघड्यावर सोडूनही देऊ नका, पिंजऱ्यात वाढलेल्याला बाहेर जगता येत नाही.

गिधाडांसाठी काही करता का?

आमच्याकडे गिधाडं नाहीत. जिल्ह्यात ती हरसूलकडे खोरीपाड्याला आहेत. तिथे मेलेली जनावरं त्यांच्यासाठी ठेवली जातात. आमचं काम औषधांचं. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरातून गिधाडाच्या पोटात गेलं की त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. गुरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली, २०२३ मध्ये अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि कीटोप्रोफेनवर. आमचे दुकानदार सदस्य इतर औषध दुकानदारांना, पशुपालकांना त्याऐवजी गिधाडांना न बाधणारं मेलॉक्सिकॅम सुचवा, असं सांगत तालुकाभर फिरतात. गिधाड न बघता गिधाडासाठी राबणारा आमच्यातला एकटा माणूस.

आम्ही केलेल्या याद्या जातात कुठे?

एक प्रत वन विभागाला, एक ईबर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर. तिथे टाकताना वेळ, अंतर आणि दिसलेले सगळे पक्षी लिहायचे. कावळाही. "कावळा काय लिहायचा" म्हणून सगळ्यांनी सोडला, तर उद्या तो कमी झाल्याचं कुणालाच कळणार नाही. चिमणीचं तेच झालं. ती दिसेनाशी झाल्यावर आठवण झाली. २० मार्चचा चिमणी दिवस २०१० मध्ये सुरू करणारे मोहम्मद दिलावर नाशिकचेच.

'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स'चा २०२३ चा अहवाल तीस हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या अशाच नोंदींवर उभा आहे. त्यात ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला आणि त्यातल्या २०४ घटलेल्या निघाल्या. जे पक्षी ओळखता आले नाहीत ते "अनोळखी बदक" म्हणून लिहा. ठोकून दिलेलं नाव अनोळखीपेक्षा वाईट. अ‍ॅपने आवाजावरून नाव सुचवलं तरी डोळ्याने बघितल्याशिवाय वहीत नाही.

प्रमाणपत्र, मानधन, प्रवासखर्च?

प्रमाणपत्र वर्षभर आलात तर. बाकी दोन्ही नाहीत. वर्गणीही नाही. अभयारण्याचं तिकीट ज्याचं त्याने काढायचं.

मुलांना आणता येईल?

आणाच, फक्त सोबत घरचं मोठं माणूस हवं. दहा वर्षांच्या पोरांची नजर आमच्यापेक्षा तीक्ष्ण असते. मागे एका चौथीतल्या मुलीने "काका, तुम्ही वारकरी दोनदा मोजले" म्हणून तोंडावर सांगितलं. दोनदाच मोजले होते.

मी गावी नसतो, पुण्यात (किंवा दुबईत, न्यू जर्सीत) असतो.

फेब्रुवारीच्या मध्यावर जगभर चार दिवसांची अंगणातल्या पक्ष्यांची मोजणी असते. तिथल्या खिडकीतून पंधरा मिनिटं भाग घ्या. दिवाळीत गावी आलात की आपल्या मळ्यातली एक यादी करा, दरवर्षी त्याच बांधावरून. आजोबांना विचारा की पूर्वी काय दिसायचं. त्यांनी सांगितलेली नावंही लिहून पाठवा, शेजारी गावाचं नाव घालून. पुस्तकात नसलेली बरीच नावं आम्हाला अशीच मिळाली.

पहिल्यांदा कधी आणि कुठे यायचं?

ऑक्टोबर ते मार्च, दर महिन्याचा दुसरा रविवार. चापडगावला वन विभागाच्या तिकीट खिडकीपाशी, उजाडल्यावर. गाडी अलीकडेच लावा, हॉर्न नको. टोपी, पाण्याची बाटली, वही आणि दोन पेनं आणा, थंडीत एक चालत नाही. नाश्त्याला ज्याच्या घरून जे येईल ते. एसटीवाले काका बहुतेक वेळा मिसळीचा डबा आणतात, म्हणून पाव मात्र तुम्ही आणा.